पाऊस सरल्यावर: मुळशीकडच्या घराची आणि बागेची थंडीआधीची कामं

प्रश्न थोडक्यात असा: पौडच्या पुढे दहा गुंठे जागा आहे. दगड-मातीच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं जुनं घर, त्याला मागाहून जोडलेली स्लॅबची खोली आणि न्हाणीघर. चार आंबे, दोन लिंबं, दहा-बारा गुलाब, थोडी भाजीची जागा आणि एक विहीर. पुण्याहून शनिवार-रविवार जाणं होतं. पाऊस थांबल्यापासून थंडीपर्यंत काय काय करावं आणि कोणत्या क्रमाने?

मुळशीत थंडीने घराचं फारसं काही बिघडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो, पण पाइप गोठत नाहीत. नुकसान करतं ते चार महिने भिंतीत, लाकडात आणि कौलांखाली मुरलेलं पाणी. बागेचं बरोबर उलट आहे. तिथे मुरलेलं पाणी हीच पुढच्या आठ महिन्यांची शिल्लक, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती झपाट्याने उडून जाते. म्हणून या दिवसांतली सगळी कामं एकाच हिशेबाने लावावीत: घर वाळवायचं आणि माती ओली राखायची. यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचे सहा-सात आठवडे मिळतात. हस्ताचा पाऊस १० ऑक्टोबरच्या सुमारास संपतो, पण चित्रा-स्वातीत परतीचा पाऊस कधीकधी दिवाळीपर्यंत कोसळतो. त्यामुळे कोरडेपणा लागणारी कामं मागे ठेवा, आणि ज्यांच्या खुणा पुसल्या जाणार आहेत ती आधी उरका.

पहिल्याच शनिवारी पेन्सिल घेऊन घरभर फिरा. भिंतीवर, छताला जिथे जिथे ओल दिसते तिच्या कडेने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. तीन-चार आठवड्यांत ओलीचे डाग पुसट होतात. मग मे महिन्यात दुरुस्तीला गवंडी आला की 'इथे कुठेतरी गळत होतं' एवढंच सांगता येतं. दर आठवड्याला ओलीची नवी कड आखत गेलात तर ओल कुठून येते हे भिंतच सांगते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या क्षाराची, म्हणजे लोण्याची, रेघ असेल, तर पाणी घराच्या पायातून वर चढतंय. पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यांत सुटे डाग असतील तर झडीचा पाऊस आत शिरलाय. छतालगत असेल तर कौल किंवा स्लॅब. आणि पाऊस थांबून सहा आठवडे झाले तरी डागाची कड मागे सरत नसेल, उलट वाढत असेल, तर पावसाचा संबंध नाही. न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप किंवा मोरीचा सांधा तपासा. तोट्या बंद करून टाकीची पातळी रात्री खूण करून ठेवा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर शोध तिथेच सुरू करा.

पायातून चढणाऱ्या ओलीवर आतून कितीही महागडा वॉटरप्रूफ लेप दिला तरी उपयोग होत नाही. पाणी लेपामागे अडतं आणि आणखी फूटभर वर चढून बाहेर पडतं. इलाज बाहेर आहे. पावसाळ्यात भिंतीकडेला गाळ साचून अंगण जोत्याच्या वर चढलेलं असतं. ते उकरून जोतं किमान सहा इंच उघडं करा, भिंतीपासून तीन फुटांपर्यंत जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, चरीतला गाळ काढा. हा गाळ टाकून देऊ नका, भाजीच्या वाफ्यात तो सोन्यासारखा आहे. भिंतीला टेकून लावलेली जास्वंद-कर्दळ फूट-दीड फूट पुढे सरकवा. तिला घातलेलं पाणी भिंतही पिते.

पांढरा लोणा कोरड्या कुंच्याने झाडून सुपलीत गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीतच जातात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फुलतात. पोपडे सुटलेला गिलावा खरवडून ती जागा उघडी राहू द्या. दगड-मातीच्या दीड फुटी भिंतीला वाळायला महिने लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी ११ ते ४ खिडक्या-दारं उघडी, संध्याकाळी बंद, एवढं केलं तरी मोठा फरक पडतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आता दिवाळीच्या रंगाबद्दल. सणाआधी घर रंगवायची आपल्याकडची हौस समजण्यासारखी आहे, पण या घराला ऑक्टोबरात ऑइलपेंट किंवा प्लास्टिक इमल्शन लावू नका. आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि मार्चपर्यंत फोड येऊन रंग पापुद्र्याने निघतो. भिंत वाळली का हे बघायला एक हात लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूला धरलं असेल तर खोलीतली हवा दमट आहे, वारा खेळता ठेवा. दिवाळीला घर उजळ दिसायलाच हवं असेल तर चुना लावा. एक किलो भिजवलेला चुना साधारण पाच लिटर पाण्यात कालवून फडक्याने गाळा, थोडा विरघळवलेला डिंक घाला आणि पातळ तीन हात द्या. एकच जाड हात दिलात तर हाताला पांढरं लागतं. चुन्यातून भिंत श्वास घेत राहते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर कधीच करू नका. माती आणि सिमेंट एकत्र आकसत-फुगत नाहीत, मधे पोकळी धरते आणि तिथेच पाणी साठतं.

कौलांची शाकारणी मे महिन्यातली. आत्ता फक्त तपासणी आणि फुटकी कौलं बदलणं. भर दुपारी घराची दारं-खिडक्या लावून आत अंधार करा आणि वर पाहा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे कौल तडकलंय किंवा सरकलंय. त्या जागेखालचा रीप आणि वासा जुन्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय आणि नुसतं कौल बदलून भागणार नाही. छपरावर चढताना शेवाळ पूर्ण वाळलेलं हवं, कौलाच्या मधोमध पाय द्यायचा नाही, वाशांवर आडवी शिडी किंवा फळी टाकून तिच्यावरून सरकायचं. बदली कौल आणायला जाताना जुनं एक सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि एक-दोन मिलिमीटरच्या फरकानेही वाऱ्याची झड आत येते. जुन्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे जुळणारी कौलं मिळतात. वीस-पंचवीस जादा आणून ठेवा, वानरं आली की ती लागतातच. छपरावर आलेल्या फांद्या भिंतीपासून आठ-दहा फूट मागे छाटल्या की वानरांना छपरावर येणं थोडं अवघड होतं आणि पाचोळाही कमी पडतो.

स्लॅबवर आधी पन्हळी आणि पावसाळी पाइपाचं तोंड साफ करा, मग पाणी साठवून चाचणी. नवीन स्लॅबवर चार इंच पाणी भरतात, पण चार इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो वजन. जुन्या स्लॅबवर एक-दीड इंच पुरतं. दोन दिवस ठेवा आणि खालून पेन्सिल चालवा. भेग सापडली तर वरवर सिमेंट फासू नका. छिन्नीने व्ही आकाराची सेंटीमीटरभर खोल खाच पाडा, धूळ काढा, ओली करून पॉलिमर मिसळलेला मसाला भरा आणि सात दिवस पाणी मारा. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात करावं. मेच्या उन्हात मसाला भरभर सुकून पुन्हा तडकतो.

भिंतीत, जोत्यात उगवलेली वड-पिंपळाची रोपं मात्र याच आठवड्यात काढा. भिंत ओली आहे तोवर बोटाएवढं रोप मुळासकट निघतं. वरून कापून ठेवलंत तर मूळ आत जाड होतं आणि दोन-तीन वर्षांत दगड सरकवतं. मूळ अंगठ्याहून जाड झालं असेल तर भोवतीची दर्ज (दगडांमधला सांधा) फोडून ते बाहेर काढा आणि खाच चुन्याच्या मसाल्याने बुजवा.

दारं-खिडक्या घासताहेत, लागत नाहीत, अशी तक्रार ऑक्टोबरात सर्रास असते. सुताराला बोलावून रंधा मारू नका. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं आहे, डिसेंबरपर्यंत आपोआप आकसतं. आत्ता तासलंत तर जानेवारीच्या रात्री त्याच फटीतून गार वारा येईल आणि फेब्रुवारीपासून धूळ. बिजागऱ्यांना तेल द्या, चौकटीवर वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का पाहा. रेघ दिसली तर मधेच दोन इंच मोडून ठेवा. पुढच्या शनिवारी ती सांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे, आणि मग औषधाचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. सागवानी दारांना उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात डिसेंबरात, लाकूड सुकल्यावर. ओल्या लाकडावर तेल मुरत नाही, चिकट थर बसतो.

आता बाग. मुळशीकडची तांबूस, मुरमाड जमीन पाणी पटकन सोडते. घाटाकडून पुण्याकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच पडतो. तुमच्याकडे त्याहून खूप जास्त पडूनही फेब्रुवारीत विहीर खाली जाते, ती या जमिनीमुळे. म्हणून पाऊस थांबल्यावर वाफसा, म्हणजे मातीत काम करण्याजोगी ओल, येण्याची वाट बघा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून मोकळी झाली तर वाफसा आहे, चिकटून राहिली तर अजून ओली, गोळाच झाला नाही तर उशीर झालाय. वाफशावर वरची दोन-अडीच इंच माती खुरप्याने मोकळी करा. पावसाने थापटलेल्या जमिनीत बारीक नळ्या तयार झालेल्या असतात, त्यांतून खालचं पाणी वर ओढलं जाऊन उडतं. खुरपणीने त्या तुटतात. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं शेतकरी म्हणतात ते यामुळेच. त्यावर लगेच आच्छादन: पाचोळा, वाळलेलं गवत किंवा इंद्रायणी भाताच्या कापणीनंतर गावात मिळणारा पेंढा, तीन-चार इंच जाड, बुंध्यापासून वीतभर लांब. खोडाला टेकवलंत तर साल कुजते आणि उंदीर तिथे घर करतात. खुरपणी न करता कडक जमिनीवर पेंढा टाकला तर त्याचा निम्माच फायदा मिळतो.

गवत उपटताना गाजरगवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट काढा. बी धरलेलं गाजरगवत कंपोस्टात टाकू नका. बाकी हिरवा-सुका पाला जाळायचा नाही. तीन भाग सुका पाचोळा, एक भाग हिरवं, मधे मधे शेणकाला, असा कमरेएवढा ढीग घाला. मुठीत दाबल्यावर थेंब गळू नयेत पण हात ओला व्हावा इतपत ओल ठेवा आणि दर दुसऱ्या फेरीला ढीग उलटा. उलटताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या झाडांच्या मुळांशी द्यायच्या खतात दिसल्या तर वेचून काढा. हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अशा अळीची, शंका असताना ते खत गुलाबाला घालू नये.

आंब्याला आता पाणी नाही आणि खतही नाही. फळ देणाऱ्या झाडाला ऑक्टोबरपासून ताण बसला तरच काडी पक्व होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोर येतो. या दिवसांत पाणी आणि युरिया दिला की तांबूस कोवळी पालवी फुटते, आणि त्या काडीवर या वर्षी मोहोर येत नाही. पाणी परत सुरू करायचं ते फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. याच कारणाने जोरदार छाटणीही नको. फक्त वाळक्या काड्या आणि बांडगूळ काढा. बांडगूळ नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत असतात. ते चिकटलंय तिथून फूट-दीड फूट खाली फांदी कापा. खोडावर ताजा भुसा दिसला तर आत अळी आहे. छिद्रात तार घालून ती मारा, रॉकेलमध्ये बुडवलेला बोळा आत कोंबा आणि चिखलाने तोंड लिंपा.

मग सगळ्या फळझाडांच्या खोडांना तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, भांडं प्लास्टिकचंच हवं, लोखंडाचं किंवा पत्र्याचं नको. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विझवून गाळा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळा. चकचकीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, साल भाजेल, थोडा चुना आणखी घाला. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ते चिकटत नाही. तेवढाच मोरचूद आणि तेवढाच चुना दहा लिटर पाण्यात केला की एक टक्क्याचा फवारा होतो. तो लिंबाच्या खैऱ्या रोगावर चालतो, आधी खैऱ्याच्या काड्या कापून मगच.

लिंबाचं बाकी थोडक्यात. खोडालगतचा मातीचा ढीग दूर करा, डिंक ओघळत असेल तर ती जागा खरवडून पेस्ट लावा, सरळ उभे वाढणारे पानसोट काढा, आणि आळं दुहेरी करा म्हणजे पाणी बुंध्याला लागत नाही. हस्त बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या, मागे लागू नका. त्याला आधी पाण्याचा ताण लागतो आणि मुळशीतल्या पावसात तो बसत नाही.

गुलाबाची मोठी छाटणी म्हणजे पुण्याच्या बागांतलं ऑक्टोबरचं मुख्य काम. पाऊस खरंच थांबलाय याची खात्री झाल्यावर, साधारण १० ते २० तारखेच्या दरम्यान करा. छाटल्यावर ४५ ते ५० दिवसांनी फुलं येतात, म्हणजे डिसेंबराच्या सुरुवातीला बाग भरते. छाटल्यावर पाऊस झाला तर कापलेल्या टोकांतून शेंडेमर उतरते, म्हणून घाई नको. हायब्रीड टी जातीची झाडं दीड-दोन फुटांवर आणा, चार-पाच दमदार फांद्या राखा, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या काढून टाका. काप बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि डोळ्याच्या उलट बाजूला तिरका उतरता. त्याहून उंच ठेवलेला खुंट वाळतो आणि वाळवण खाली सरकते. कापलेला गाभा तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत खाली या. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. टोकांना पेस्ट लावा. डोळा भरलेल्या सांध्याच्या खालून फुटलेला जंगली फुटवा उगमापासून उपटा, कापला तर दुपटीने येतो. मग माती तीन इंच मोकळी करून झाडामागे दोन-तीन किलो कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड घाला. गावठी गुलाब मात्र इतका कापू नका, त्याची फक्त मोडकी-वाळकी फांदी काढा.

डिसेंबरात रात्री गार आणि दिवस उबदार झाले की गुलाबावर आणि आंब्याच्या मोहोरावर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी. भर उन्हात मारलं तर पान करपतं, आणि निमतेल फवारल्यावर पंधरा दिवस तरी गंधक मारायचं नाही. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक नको, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात आणि फळधारणाच घटते.

भाजी निवडताना तुम्ही आठवड्यातून एकदाच जाता हे लक्षात ठेवा. फ्लॉवर-कोबीला रोजची नजर लागते. ती लावलीत तर आच्छादन आणि ठिबक दोन्ही हवं. तुमच्यासाठी लसूण उत्तम: पाकळ्या सुट्या करून मोठ्या तेवढ्या निवडा, टोक वर करून इंचभर खोल, ओळींत सहा इंच आणि पाकळ्यांत तीन-चार इंच अंतर. नोव्हेंबराच्या सुरुवातीपर्यंत लावला तर मार्चमध्ये निघतो, शेवटचे दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. हरभरा आणि पावटा तर या भागात भात निघाल्यावर शिल्लक ओलीवरच येतात. मेथी-पालक चार हातांच्या वाफ्यात दर पंधरवड्याला थोडं थोडं पेरा. धणे पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन फोडी करा आणि रात्रभर भिजवा, नाहीतर उगवायला तीन आठवडे घेतात. वाफे घराच्या दक्षिणेला असू द्या. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य पुण्यात जेमतेम ४८ अंश वर येतो, म्हणजे दहा फूट उंच भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेला नऊ फूट पडते, सकाळी त्याहून लांब.

हाच हिशेब सोलर बंबाला लावा. दक्षिणेच्या झाडाचा शेंडा बंबाच्या पातळीपेक्षा जितका उंच, जवळपास तितकी सावली. मेमध्ये सावली नव्हती म्हणून डिसेंबरातही नसेल असं धरू नका. काचेच्या नळ्या पहाटे पुसा. टाकी रिकामी असताना दुपारच्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं की त्या तडकतात.

घराभोवतीचं गवत हा मला सगळ्यांत गंभीर वाटणारा विषय, कारण मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांवर गवत वाळलं की वणवे सुरू होतात आणि आग उताराने वर धावते. तुमचं घर चढावर असेल तर खालची बाजू आधी. गवत हिरवट असतानाच, नोव्हेंबराच्या मध्यापर्यंत कापून घ्या. गावात गुरं असतील तर चारा म्हणून कोणीही आनंदाने कापून नेईल. कापून तिथेच पडू दिलेलं गवत म्हणजे नुसतं जळण. भिंतीपासून दहा फूट जमीन अगदी उघडी ठेवा, तिथे पेंढ्याचं आच्छादनसुद्धा नको, खडी टाका. त्यापुढे तीस-पस्तीस फुटांपर्यंत गवत घोट्याच्या खाली. कौलांखाली साठलेला पाचोळा आणि उंदरांची घरटी काढून टाका, उडालेली ठिणगी बहुतेक तिथेच धरते. पेटवून जाळपट्टा करण्याचा खटाटोप एकट्याने कधीही करू नका. २०० लिटरचं पिंप भरून, दोन बादल्या शेजारी, आणि ग्रामपंचायतीत व खालच्या शेतकऱ्याकडे तुमचा नंबर दिलेला असावा, कारण आठवड्याचे पाच दिवस तुम्ही तिथे नसता.

भात कापला की उंदीर घराकडे वळतात, आणि त्यांच्या मागे साप. थंडीत घोणस जास्त हिंडते, सकाळी उन्हाला दगडांवर आणि पाचोळ्यात पडून असते आणि रंगामुळे दिसत नाही. सरपण भिंतीला लावून जमिनीवर रचू नका. दगडांवर फळ्या टाकून फूटभर उंच, भिंतीपासून सुटं, आणि काढताना आधी काठीने हलवून. दाराखालची फट पाव इंचापेक्षा कमी, मोरीच्या पाइपाला जाळी, जोत्यातली भोकं सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने बंद. पाचोळा गोळा करताना हाताने नाही, दाताळ्याने. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यातलं काही नाही. हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ प्रतिविष असलेलं रुग्णालय. सर्वांत जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून दारामागे लिहून ठेवा.

विहिरीत पावसाळ्यात वरचं पाणी वाहून आलेलं असतं. व्यास मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटरच्या वर भरतं. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) धरून १४० ग्रॅम. बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरची निवळ विहिरीत सोडा, पोहरा खालपर्यंत चार-पाच वेळा वरखाली करून मिसळा, तासाभरानंतर पाणी वापरा. उघड्या पिशवीत राहिलेल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, ताजी आणा. टाकी मात्र आधी घासून, तळाचा गाळ काढून मगच भरा. ठिबकची जाळी धुवा, प्रत्येक नळीचं शेवटचं टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या.

अर्थिंगचा खड्डा बहुतेक जण विसरतात. मुरमाड जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, आणि गीझरचा वापर नेमका तेव्हाच वाढतो. प्रत्येक फेरीला खड्ड्यात एक बादली पाणी घाला आणि गळती-संरक्षक स्विचचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर तो पडला नाही तर बदला.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर थंडी सुरू व्हायच्या आधी तो बाहेरच्या भिंतीवर न्या. गारठा नको म्हणून खिडकी लावून आंघोळ केली की प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपण्याचंही तेच. लाकडावरचा तांब्याचा बंब असेल तर मधल्या नळीतली काजळी खरवडा आणि तो पडवीतच पेटवा.

गोधड्या, रजया ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस दोन्ही बाजूंनी तापवून घ्या. नोव्हेंबराच्या कलत्या उन्हात तो ताव राहत नाही.

थंडीची लाट येईल त्या आठवड्यासाठी बागेत फार थोडं लागतं. केळीची वाढ १० अंशांच्या खाली थांबते, पोग्यातून (शेंड्याच्या गुंडाळीतून) पान अडकत निघतं, पण झाड मरत नाही. वाळकी पानं खोडाभोवती तशीच लोंबू द्या, तीच तिची गोधडी. संध्याकाळी हलकं पाणी दिलं की जमिनीची ऊब रात्रभर टिकते. जागेतला सगळ्यांत खोलगट कोपरा सर्वांत गार असतो, कारण गार हवा उताराने वाहत तिथे साठते. पपई आणि नवी रोपं तिथे लावू नका. तुळशीच्या मंजिऱ्या खुडा, कुंडी रात्री पडवीत घ्या. पानं तपकिरी पडली तरी खोड नखाने खरवडून पाहा, हिरवं असेल तर फेब्रुवारीत पुन्हा फुटेल.